कोऱ्या कागदावरची सही



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय कळविला तो 'उदारमतवाद आणि भांडवलशाही' असा. पत्र वाचून प्रथम वाटले, पाकिटावरचा पत्ता चुकला असावा. या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, संपादक येतात. आमचे शिक्षण नववीत थांबले; पुढे जे काही झाले ते नगर वाचनालयात, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. आम्हांला सवय फाटकावरच्या सभेची. तिथे पाळी सुटलेली असते, माणसांना बस गाठायची असते, आणि दहा मिनिटांत मुद्दा सांगितला नाही तर जेवणाचे रिकामे डबे आपल्याकडे पाठ करून चालू लागतात. तुम्ही मंडळी खुर्च्यांवर बसून तासभर ऐकणार, ही चैन आम्हांला नवी आहे.

तरी होकार दिला. कारण हा विषय आमच्यापुढे नेहमी येतो. फक्त त्याच्या अंगावर वेगळे कपडे असतात. मागे एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातले अकरा पोरगे आमच्याकडे आले. ठेकेदाराकडचे कामगार. चार वर्षे एकाच यंत्रावर काम, पण कागदोपत्री दर काही महिन्यांनी 'ब्रेक'. कामावर घेताना प्रत्येकाकडून दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतलेल्या. पोरांनी किमान वेतनाची गोष्ट काढली, तेव्हा त्यांतला एक कागद भरला गेला. त्यावर उमटले, 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने नोकरी सोडीत आहे.' ज्याचा कागद सर्वांत आधी भरला, तो मराठवाड्यातला पोरगा होता. आम्ही त्याला म्हटले, "ही सही तुझी नाही असे लिहून दे." तो म्हणाला, "भाऊ, सही माझीच आहे. खोटं कसं लिहू?"

आणि व्यवस्थापक आम्हांला म्हणाले, "आम्ही कोणाचा हात धरून सही घेतलेली नाही. स्वतंत्र देशातला सज्ञान माणूस आहे तो."

या वाक्याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. हे वाक्य हलके नाही. त्याच्या पाठीशी दोनअडीचशे वर्षांचे तत्त्वज्ञान आहे. माणूस जन्माने कोणाचा दास नाही, तो स्वतःच्या श्रमाचा धनी आहे, त्याने कोणाशी काय करार करावा हे राजाने, जातीने किंवा धर्मपीठाने ठरवू नये. हे उदारमतवादाने जगाला शिकविले. ज्या देशात बापाचे काम मुलाच्या कपाळी लिहिलेले असे, त्या देशातल्या माणसाने या शिकवणीची थट्टा करू नये. व्यवस्थापकांनी तेच शस्त्र उचलले होते, आणि त्याची धार त्या पोराच्याच मानेवर होती.

येथे दोन पक्ष पडतात. कारखानदार म्हणतो, राजकीय स्वातंत्र्य आणि खुला बाजार ही एकाच झाडाची फळे. बाजारावर हात टाकाल तर स्वातंत्र्यही जाईल. आमच्या चळवळीतले जुने शिक्षक म्हणत, होय, एकाच झाडाची. म्हणून ते झाडच तोडा, भाषणस्वातंत्र्य आणि मतपेटी हा शेटजींचा खेळ आहे. आम्ही स्वतः तरुणपणी फाटकावर उभे राहून हेच बोललो आहोत, टाळ्याही घेतल्या आहेत. मौज अशी की, हे दोन हाडवैरी मुख्य मुद्द्यावर एकमताचे आहेत. दोघांनाही वाटते, या दोन गोष्टी एकच. आमचे आजचे म्हणणे असे की, दोघेही चुकतात.

आता थोडे मागे जाऊ. १८५९ हे साल ध्यानात ठेवा. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांचे स्वातंत्र्यावरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. आगरकरांच्या पिढीने ज्याची पारायणे केली, ते मिल. हे गृहस्थ पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होते, आणि आपले तत्त्व हिंदुस्थानसारख्या देशांना लागू नाही असे त्यांनी त्याच पुस्तकात म्हणून ठेवले आहे, हे विसरायचे नाही. त्याच १८५९ साली हिंदुस्थानात तेरावा कायदा झाला. कारागिराने किंवा मजुराने कामासाठी आगाऊ पैसे घेतले आणि काम सोडले, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावे. मॅजिस्ट्रेटने हुकूम करावा की, पैसे परत कर नाहीतर काम पुरे कर. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर? त्याच्यासाठी या कायद्यात तुरुंग नव्हता. आधी कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे इतरत्र नेला गेला, आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोचला, आणि १९२५ सालच्या कायद्याने रद्द होईपर्यंत सहा दशकांहून अधिक काळ टिकला.

खुद्द इंग्लंडात वेगळे नव्हते. तिथेही १८२३ च्या कायद्याने काम सोडणारा नोकर तुरुंगात जाई, आणि मजुरी बुडविणाऱ्या धन्यावर मात्र दिवाणी दावा लावावा लागे. ही व्यवस्था १८७५ साली संपली. म्हणजे 'कराराचे स्वातंत्र्य' ज्या काळात सर्वांत मोठ्याने गाजत होते, त्या काळात कराराच्या एका बाजूला तुरुंगाची भिंत होती. बाजार आपोआप चालत नव्हता. त्याच्या दाराशी शिपाई उभा होता.

त्या बाजाराचे आद्य आचार्य अ‍ॅडम स्मिथ यांना हे दिसत नव्हते असे नाही. १७७६ च्या त्यांच्या ग्रंथात मजुरीच्या प्रकरणात त्यांनी साफ सांगितले आहे की, मजूर एकत्र येतात त्याचा बोभाटा होतो, पण मालक सदासर्वकाळ मुकाट्याने एकत्र असतात. कायदा मजुरांच्या एकीला बंदी करतो, मालकांच्या नाही. आणि भांडण लागले तर मालक वर्षभर थांबू शकतो, पुष्कळशा मजुरांना आठवडाही निघत नाही. हे प्रकरण आम्ही वाचनालयात उभ्याउभ्या वाचले आणि ग्रंथपालांना विचारले, "हे पुस्तक शेटजींच्या बाजूचे ना?" स्मिथ यांचे नाव घेऊन आमच्याशी वाद घालणाऱ्या पुष्कळ सद्‌गृहस्थांनी हे प्रकरण उघडलेले नसते, असा आमचा अनुभव आहे.

स्मिथ यांच्यानंतर पाव शतकही गेले नाही तोच, १७९९ आणि १८०० साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने कामगारांनी एकत्र येणे हा गुन्हाच ठरविला. ती बंदी १८२४ मध्ये उठली, त्यामागे फ्रान्सिस प्लेस नावाचा एक शिंपी होता. स्वतः शिकलेला माणूस. आम्हांला त्याच्याविषयी आपुलकी वाटते ती त्यामुळे. पण गंमत पाहा, प्लेस पक्का खुल्या व्यापाराचा भक्त होता. बंदी उठविली की संघ आपोआप विरून जातील, असा त्याचा हिशेब होता. संघ विरले नाहीत, वाढले. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने पुन्हा दोर आवळला. १८३२ साली मताधिकार वाढवून ज्या व्हिग सरकारने उदारपणाची कीर्ती मिळविली, त्याच सरकारच्या काळात १८३४ मध्ये टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना गुप्त शपथ घेतली या सबबीखाली सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडले. त्यांचा खरा अपराध एवढाच की, मजुरी घटत होती म्हणून त्यांनी संघ काढला होता. गावोगाव सभा झाल्या, अर्ज गेले, आणि दोन वर्षांनी त्यांना माफी द्यावी लागली.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते सरळ कोणाच्याच पदरात पडत नाही. १८४७ साली स्त्रिया आणि अल्पवयीन यांच्यासाठी दहा तासांच्या दिवसाचा कायदा झाला. त्याला विरोध करणाऱ्यांत जॉन ब्राइट होते. हे ब्राइट गुलामगिरीचे कट्टर शत्रू, मताधिकाराचे पुरस्कर्ते, उदारमतवाद्यांचे भूषण. आणि ते बिल पार्लमेंटात मांडले जॉन फील्डन यांनी, जे स्वतः कापूसगिरणीचे मालक होते. म्हणून आम्ही मालक हा शब्द शिवीसारखा वापरीत नाही. प्रश्न माणसाच्या काळजाचा असता तर तो चांगले मालक शोधून सुटला असता.

मिल यांच्याकडे परत येऊ. स्वातंत्र्यावरच्या त्या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात दोन गोष्टी आहेत. पहिली ही की, खुल्या व्यापाराचा सिद्धान्त व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वातून निघत नाही; त्याची कारणे वेगळी आहेत. त्यांच्या मते ती कारणेही भक्कम आहेत, पण वेगळी आहेत. कारण व्यापार हा समाजाशी संबंध असलेला व्यवहार आहे. दुसरी गोष्ट अशी की, स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य माणसाला देता येत नाही. तो करार पाळण्यालायक नाही. उदारमतवादाचा हा एवढा मोठा वकील दोन्ही खाती वेगळी लिहितो, आणि शिवाय सांगतो की, सही असली तरी काही करार मोडीतच निघाले पाहिजेत. आमच्या त्या मराठवाड्यातल्या पोराला मिल यांचे नाव ठाऊक नव्हते, आणि व्यवस्थापकांनाही ठाऊक असेल असे वाटत नाही.

आता आपल्या घरात येऊ. वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी घातली, असे आपण सांगतो. रानडे उदारमतवादी, याबद्दल कोणाला शंका नाही. आणि याच रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन म्हटले की, इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम म्हणजे सर्व देशांना, सर्व काळी लागू पडणारे सृष्टिनियम नव्हेत, आणि सरकारने हात बांधून बसणे हिंदुस्थानला परवडणारे नाही. म्हणजे उदारमतवादी राहून मोकाट बाजार नाकारता येतो, हे आपल्याकडे तेव्हाच कळले होते. मात्र रानड्यांच्या डोळ्यांपुढे उद्योग होता. गिरणीतल्या माणसाकडे त्या काळच्या सुशिक्षितांची नजर क्वचित गेली. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. एवढेसे त्याचे तोंड, पण 'केसरी'सकट बहुतेक देशी पत्रांनी अशा कायद्यांना विरोध केला. लँकेशायरचे गिरणीवाले आमच्या गिरण्यांचा गळा आवळू पाहतात, अशी त्यांची शंका होती. ती शंका अगदीच निराधार नव्हती. पण त्या दोन गिरणीवाल्यांच्या भांडणात सात वर्षांच्या पोराने किती तास उभे राहावे, हा प्रश्न बाजूला पडला.

तो उचलला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला, आणि सहा वर्षे पाठपुरावा केल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आम्ही वाचनालयात जे काही वाचले ते त्या सुट्टीच्या पुण्याईवर.

येथे क्षणभर थांबून पाहा की, लोखंड्यांच्या हातात काय होते. पैसा नव्हता, फौज नव्हती, कामगारांना मत नव्हते. वर्तमानपत्र होते, जाहीर सभा होती आणि सह्यांचा अर्ज होता. ही तीनही उदारमतवादाची अवजारे. बाजाराने ती दिली नव्हती. बाजाराचे म्हणणे होते, प्रत्येकाने एकेकट्याने येऊन सही करावी. लोखंड्यांनी त्याच माणसांच्या सह्या एका कागदाखाली एकत्र केल्या.

एकत्र येण्याला मात्र कायद्याने संरक्षण नव्हते. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरणीच्या झगड्यात १९२० साली मालकांनी युनियनचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर दावा लावला, आणि हायकोर्टाने त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम दिला. करार मोडायला चिथावणी दिली, हा आरोप. पुन्हा तोच करार! त्या धक्क्यानंतर १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक कलहाचे बिल आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी मुद्दा मांडला की, संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव आहे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे. हे बोलणे उदारमतवादाच्या व्याकरणातलेच आहे, फक्त कर्ता बदलला आहे. ७ नोव्हेंबरला त्या बिलाविरुद्ध मुंबईत संप झाला. बिल मंजूर झाले ते झालेच.

आता आमच्याच लोकांशी दोन शब्द. स्वातंत्र्य म्हणजे शेटजींचा खेळ असे जे म्हणतात त्यांना आम्ही आणीबाणीची आठवण देतो. आम्ही तेव्हा लहान होतो. हे आम्ही जुन्या कामगारांकडून ऐकले आणि नंतर कागदांत पडताळून पाहिले. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. सभा बंद, वृत्तपत्रांवर नजर, पुढारी तुरुंगात. त्याच सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि किमान बोनस सव्वाआठ टक्क्यांच्या वरून, नेमके सांगायचे तर ८.३३ वरून, ४ टक्क्यांवर आला. कोण बोलणार? १९७७ मध्ये निवडणूक झाली, सरकार पडले, आणि ८.३३ परत आले. ज्याला वाटते की मतपेटीने पोट भरत नाही, त्याने हा हिशेब मांडून पाहावा. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, वेठबिगारी बंद करणारा कायदा त्याच काळातला, १९७६ चा. इतिहास आमच्या सोयीने वागत नाही.

परदेशातली दोन उदाहरणे देतो. चिली देशात ११ सप्टेंबर १९७३ रोजी सैन्याने सत्ता घेतली. संसद बरखास्त, पक्ष बंद, कामगारांचा मध्यवर्ती महासंघ बेकायदा. आणि त्याच राजवटीत, शिकागोत शिकून आलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने, बाजार मोकळा सोडण्यात आला. तेव्हा मोकळा बाजार आला म्हणजे मागोमाग मोकळा माणूस येतोच, असे नाही. आता दुसरे टोक पाहा. पोलंडात मालक नव्हताच; कारखाने सरकारचे, सरकार कामगारांच्या नावाचे. १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या, लेनिन यांचे नाव दिलेल्या गोदीत कामगारांनी संप केला आणि एकवीस मागण्या लिहिल्या. पहिली मागणी पगाराची नव्हती, भाकरीचीही नव्हती. पक्ष आणि मालक या दोघांपासून स्वतंत्र असा कामगार संघ काढण्याचा हक्क, ही पहिली मागणी. वर्ष-सव्वा वर्षात, डिसेंबर १९८१ मध्ये, तिथे लष्करी कायदा आला. ग्दान्स्कची ती यादी वाचल्यापासून आम्ही फाटकावर 'शेटजींची लोकशाही' हा शब्द वापरणे सोडले.

मुंबईच्या गिरण्यांचेही थोडे तसेच झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. मागण्या पगाराच्या, बदली कामगारांच्या होत्याच. पण त्यांच्या तळाशी गाठ होती ती १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची. त्या कायद्याने वाटाघाटी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघाला दिला होता. कामगाराला दुसरा पुढारी हवा असला तरी कायदा म्हणे, तुझ्या वतीने बोलणारा आधीच ठरलेला आहे. संप कसा मोडला, गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर वेगळे व्याख्यान होईल, आणि ते करायला आमच्याहून अधिक अधिकारी माणसे आहेत.

राहिला प्रश्न सहीचा. त्याच १९८२ साली सुप्रीम कोर्टापुढे दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचे प्रकरण आले. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालात असे आहे की, किमान वेतनाहून कमी पैशांत कोणी राबत असेल तर ती घटनेच्या तेविसाव्या कलमाने मना केलेली वेठच होय. जबरदस्ती काठीचीच असते असे नाही. भुकेची, गरिबीची, दुसरा मार्ग नसण्याचीही असते. हात धरून सही घेतली नाही, या वाक्याला याहून नेमके उत्तर आमच्या वाचनात नाही. पण निकाल एक, आणि उसाच्या फडातला व्यवहार दुसरा. आजही मुकादम हंगामाआधी उचल देतो, नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. १८५९ चा कायदा १९२५ मध्ये गेला. उचल गेली नाही. दुसरीकडे संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत प्रत्येक उद्योगातल्या संपाला चौदा दिवसांची आगाऊ नोटीस आली आहे, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी मिळून रजा घेतली तर तोही संपच धरला आहे. एकेकट्याने काम सोडून जायला मात्र कोणाची हरकत नाही. दार उघडे आहे, फक्त एका वेळी एकानेच बाहेर पडायचे.

चालकांची चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आली. त्या अकरा पोरांचे सांगून थांबतो.

सरकारी कामगार अधिकाऱ्यांपुढे बैठक झाली. मराठवाड्यातल्या त्या पोराने सही नाकारली नाहीच. त्याने आपल्या हाताने लिहून दिले, 'सही माझी आहे. मी सही केली तेव्हा कागद कोरा होता. वरचे अक्षर माझे नाही.' मग उरलेल्या दहा जणांनीही तोच मजकूर लिहिला, आणि अकरा कागद एका टाचणीत लावून आम्ही ते टेबलावर ठेवले. साहेबांनी अक्षर ताडून पाहिले. भरलेला कागद संगणकावर छापलेला होता, आणि त्या पोराला संगणक येत नव्हता. तीन बैठकांनंतर आठ जणांना पुन्हा कामावर घेतले, किमान वेतनाचा फरक हप्त्याहप्त्याने मिळाला. दोघांनी तोवर दुसरीकडे काम धरले होते. तो पोरगा आठांत नव्हता. त्याचा राजीनामा मंजूर होऊन गेला आहे, असे व्यवस्थापकांचे म्हणणे. ते प्रकरण कामगार न्यायालयात आहे, आणि पुढची तारीख जूनमधली आहे.